रागाचं पुस्तक राग नसताना उघडा

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत जातो. धाकटी आठ महिन्यांची. ती रांगायला लागल्यापासून मुलाचं चिडणं फार वाढलंय. खेळणी फेकतो, मला मारतो, परवा बहिणीला ढकललं. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. सासूबाई म्हणतात, 'आजोबांवर गेलाय, मोठा झाला की सुटेल.' मी रागावरची तीन चित्रपुस्तकं ऑनलाइन मागवली, त्यातली दोन इंग्रजी आहेत. तो चिडला की लगेच पुस्तक काढते आणि विचारते, 'बघ, अस्वलानं काय केलं होतं?' तर तो आणखीच बिथरतो. एक पुस्तक तर टराटरा फाडलं. पुस्तकं चुकली का? कोणती घेऊ? हे सगळं नॉर्मल आहे का? आणि शाळेत सांगू की नको?

उत्तर :

पुस्तकं बहुतेक ठीकच असतील. ती बाहेर काढायची वेळ मात्र साफ चुकतेय. भर रागात त्याला धड तुमचं वाक्यही ऐकू जात नसतं. मग गोष्ट आठवायची, ती स्वतःशी ताडून पाहायची आणि वर हातही आवरायचा, ही तीन कामं तो एकदम कुठून करणार? आपल्याला जमतात का? त्यातून पुस्तक फक्त तेव्हाच निघतं, हे त्याच्या चांगलंच ध्यानात आलंय. चिडलो की आई ते अस्वल काढते आणि आपलं काय चुकलं ते ऐकवते, एवढाच त्यानं त्यातून अर्थ काढलाय. त्यानं पुस्तक फाडलं याचं मला तरी नवल वाटत नाही.

तेव्हा आजपासून एक पथ्य पाळा. तो चिडलेला असताना पुस्तकाचं नावही काढायचं नाही. 'त्या मुलासारखं कर ना', 'विसरलास का?' हेसुद्धा नाही. पुस्तक पोट भरलेलं असताना, झोप झालेली असताना, घरात कुणी कुणावर चिडलेलं नसताना काढायचं. आणि वाचून झाल्यावर 'म्हणून आपण काय शिकलो?' असं विचारायचं नाही. हा शेवटचा भाग पालकांना सगळ्यात जड जातो, असा माझा अनुभव आहे. आपण सगळे तात्पर्याच्या गोष्टींवर वाढलोय. ते सांगितल्याशिवाय गोष्ट संपल्यासारखी वाटतच नाही.

आता 'नॉर्मल आहे का' याबद्दल. मायकेल पोटेगल या मानसशास्त्रज्ञांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या आकांडतांडवाचा बारकाईनं अभ्यास केला होता, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. चारातले तीन थयथयाट पाच मिनिटांच्या आत आटोपतात, असं त्यात दिसलं. आईला ती पाच मिनिटं पाऊण तासासारखी वाटतात, हा भाग वेगळा. मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त कामाचं वाटतं. राग आधी भडकतो आणि आधी उतरतो. रडणं आणि दुःख मागून रेंगाळतं, आणि त्या उतारावर मूल मोठ्या माणसाच्या जवळ येऊ पाहतं. म्हणजे सुरुवातीला समजावण्यात अर्थ नसतो आणि शेवटी दूर लोटण्यात नसतो. आपण नेमकं उलटं करतो. किंचाळत असतो तेव्हा समजावत बसतो आणि हुंदके देत जवळ आला की म्हणतो, 'आता कशाला आलास? जा तिकडे.'

त्या पाच मिनिटांसाठी फार शब्द लागत नाहीत. धाकटीला उचलून सासूबाईंकडे द्या. फेकण्याजोगं जे हाताशी असेल ते बाजूला करा. त्याच्या उंचीला खाली बसा, हात उगारला तर मनगट हलकेच धरा आणि एकच वाक्य म्हणा, 'मी मारू देणार नाही.' आवाज चढवायचा नाही आणि लाडीगोडीही लावायची नाही. मग गप्प बसायचं. हुंदके सुरू झाले की हात पुढे करायचा. आला तर आला.

उशी बडवायला द्यावी का, हे बरेच जण विचारतात. देऊ नका. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली कॉलेजच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, आणि नुसतं स्वस्थ बसून राहिलेल्यांचा त्यामानानं उतरला. ती मोठी मुलं होती, तुमचा साडेचार वर्षांचा आहे, हे मान्य. पण 'राग बाहेर पडू दे' म्हणून बडवायची सवय लावली की हात बडवायलाच शिकतो, हे लहान मुलांतही रोज दिसतं.

आता पुस्तकं. बाजारात 'राग' असं शीर्षकातच लिहिलेली पुष्कळ पुस्तकं मिळतात, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी मला आवडत नाहीत. पहिल्या पानावर कुणीतरी रागावतं, चौथ्या पानावर त्याला कुणीतरी दीर्घ श्वास घ्यायला सांगतं आणि शेवटच्या पानावर सगळे हसत असतात. मुलांना ही लबाडी कळते. राग इतक्या स्वस्तात जात नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पुस्तक चाळताना मी आधी बघते की पात्राला राग यायला खरंखुरं कारण आहे का. खेळणं मोडलं, रांगेत कुणी पुढे घुसलं, आई म्हणाली होती तसं बागेत गेलीच नाही, असं काहीतरी. कारण पटलं की मूल पात्राच्या बाजूनं उभं राहतं, आणि तिथूनच काम सुरू होतं. मग चित्रातलं अंग बघते. भुवया, मुठी, ओठ, खांदे, पाय कसे रोवलेत. चित्रकारानं हे नीट काढलं असेल तर मजकूर दोन ओळींचा असला तरी भागतं. नसलाच तर उत्तम. बिनशब्दांची चित्रपुस्तकं या कामाला फार चांगली, कारण तिथे मोठ्यांना पाठ वाचता येत नाही, बोलावंच लागतं.

तुमच्या अस्वलाबद्दलही थोडं सांगते. टोरांटो विद्यापीठात चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. वाटून घेण्याची एकच गोष्ट काही मुलांना माणसांची पात्रं घालून वाचून दाखवली, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची. मग आपल्याजवळचे स्टिकर दुसऱ्या मुलांसाठी द्यायला सांगितलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांत तसं झालं नाही. तो प्रयोग वाटून घेण्याबद्दल होता, रागाबद्दल नव्हे. म्हणून मी प्राण्यांच्या गोष्टी माळ्यावर टाका म्हणणार नाही. ससा-कोल्ह्याच्या गोष्टींची मजा मुलांना हवीच. पण 'ही माझीच गोष्ट आहे' असं वाटायला हवं असेल, तर आपल्यासारख्या घरातलं, जमिनीवर बसून जेवणारं, आजीच्या साडीला लोंबकळणारं मूल चित्रात असलेलं बरं.

इंग्रजी पुस्तकं मराठीतून सांगा. चित्रं सगळ्यांची असतात. तो भांडतो कुठल्या भाषेत? मग भांडणाबद्दल बोलणंही त्याच भाषेत व्हायला हवं. शाळेत 'अँग्री' आणि 'सॅड' असे दोन गोल चेहरे शिकवतात, ठीक आहे. पण घरात हिरमुसला, रुसला, वैतागला, कंटाळला, धुसफुसतोय, फुरंगटून बसलाय, हे सगळं रोज बोललं जातं. चित्रावर बोट ठेवून ते शब्द वापरा. 'ही चिडल्येय की रुसल्येय?' या प्रश्नावर माझ्याकडे चार-चार वर्षांची मुलं चांगली हुज्जत घालतात. आणि आपण रुसलोय हे ज्याला तोंडानं सांगता येतं, त्याचा हात थोडा उशिरा उठतो.

कुठे मिळतील? मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका यांची लहान मुलांची पुस्तकं बघा. शीर्षकात 'राग' नसलेलीच बघा. भावंडं, हरवलेली वस्तू, पहिल्यांदा शाळा, पाऊस पडला म्हणून रद्द झालेली सहल, यातल्या कुठल्याही गोष्टीत राग आपोआप येतो. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. बालवाडीतल्या मुलाला वाचनालयात काय न्यायचं, असं म्हणू नका. त्याला स्वतः पुस्तक निवडू द्या, मग ते ट्रकचं का असेना. एकदम तीनही आणू नका, एक आणा आणि तेच पंधरा दिवस वाचा. मुलं 'परत, परत' म्हणतात तेव्हा ती उगाच छळत नसतात. पहिल्या वेळी त्यांना गोष्टीत काय होतं एवढंच कळतं. पात्राच्या चेहऱ्याकडे लक्ष बरंच नंतर जातं.

वाचायचं कसं, ते एका पानावर दाखवते. माझ्याकडे येणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाबरोबरचा हा प्रसंग आहे. चित्रात एक मुलगी, तिनं रचलेला ठोकळ्यांचा मनोरा, आणि रांगत आलेल्या बाळानं तो पाडलाय. मी वाचलं काहीच नाही. पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं.

"इथे काय झालं?"

"पडलं."

मी थांबले. हे थांबणं महत्त्वाचं. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, आपण एरवी तीनवरच बोलून टाकतो.

"बाळानं पाडलं," तो म्हणाला.

"हिचे हात बघ कसे झालेत."

त्यानं स्वतःच्या मुठी आवळून दाखवल्या. दातही आवळले.

"आता ही काय करेल?"

"बाळाला फेकून देईल. खिडकीतून."

त्याची आई मागे बसली होती, ती खुर्चीवर पुढे सरकली. तिच्या ओठांवर आलेलं वाक्य मला न ऐकताच कळलं, 'असं नाही म्हणायचं, बाळ आपलं आहे ना?' मी हातानंच थांबवलं. "इतका राग आलाय तिला," एवढंच म्हणाले. त्यानं मान डोलावली. मग पान उलटलं, पुन्हा मागे आला, बाळाच्या चित्राकडे बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "ह्याला दातच नाहीत."

झालं. त्या दिवशी आम्ही त्याच्यापुढे गेलो नाही. बाळाला खिडकीतून फेकण्यापासून बाळाला दात नाहीत इथपर्यंत तो आपला आपण आला होता. तिथे 'बघ, म्हणजे ते किती लहान आहे, त्याला कळतं का?' असं जोडलं असतं, तर पुढच्या वेळी त्यानं खिडकीचं मला सांगितलंच नसतं. पुस्तकात कुणालाही कुठूनही फेकता येतं, आणि पुस्तक त्यासाठीच असतं. पुस्तकात फेकलं म्हणून मूल खरं फेकत नाही. तुमच्या घरात मात्र त्यानं बहिणीला खरोखर ढकललं आहे, म्हणून दोघांना एकटं सोडायचं नाही, हे पथ्य वेगळं आणि ते कडक पाळा. पण पानावर बोलताना त्याला अडवू नका.

यामागे नुसता माझा अनुभव नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या सीलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांच्या पालकांबरोबर चित्रपुस्तक बघायला बसवलं आणि ते काय बोलतात ते टिपलं. मग त्या मुलांना मदत करण्याचे, वाटून घेण्याचे छोटे प्रसंग दिले. जी मुलं चटकन आणि जास्त वेळा मदत करत होती, त्यांचे पालक भावनांबद्दल स्वतः भाषण देणारे नव्हते. ते मुलाला विचारणारे होते, हा असा का दिसतोय, हिला काय झालं असेल. हा अभ्यास २०१३ चा. पालक स्वतः किती बोलले याचा तसा संबंध दिसला नाही. मुलाकडून किती बोलवून घेतलं याचा दिसला. इतक्या लहान मुलांना बोलून दाखवता येत नसतं, तरी विचारण्यानं फरक पडतो. तुमचा तर साडेचार वर्षांचा आहे, दाणदाण बोलणारा.

प्रश्न विचारायचे म्हणजे परीक्षा घ्यायची नाही, हे जाता जाता. 'हा कुठला रंग? किती फुगे?' सुरू झालं की मूल उठून जातं. एका पानाला एक प्रश्न पुष्कळ. तो बोलला नाही तर तुम्ही चुकीचं बोला. 'मला वाटतं ही खूप खूश आहे' म्हणा; लगेच 'नाही गं आई!' येतं.

आता मला ज्यावर खरा भरवसा आहे ते सांगते. विकतच्या पुस्तकाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, काम घरी केलेलं पुस्तक करतं. ड्रॉइंग बुकचे दोन कागद मधोमध दुमडा, मध्ये स्टेपल मारा किंवा सुईदोऱ्यानं शिवा. आठ पानं झाली. चित्रं तुम्ही काढा, काड्यांची माणसं चालतील. रंगवायचं त्यानं. वाक्यं त्याची, जशी येतील तशी. 'छकुलीनं माझा जेसीबी घेतला. मला राग आला. मी गाडी फेकली. आई ओरडली.' व्याकरण सुधारू नका आणि 'मग मी सॉरी म्हणालो' हे वाक्य तो म्हणाला नसेल तर घुसवू नका.

या पुस्तकासाठी नाशिककरांना एक आयतं चित्र मिळालेलं आहे. गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की गावात एकच चौकशी असते, रामकुंडापाशी नदीत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं? पायाला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. रामकुंडावर गेलेल्या प्रत्येक पोरानं तो मारुती पाहिलेला असतो आणि पुराच्या दिवसांत पेपरात त्याचा फोटो येतोच. तो कापून पहिल्या पानावर चिकटवा. पुढच्या चार पानांवर तुमच्या मुलाची बाह्यरेषा काढा आणि राग पाण्यासारखा निळ्या खडूनं त्याला भरू द्या. घोट्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि डोक्यावरून. प्रत्येक पानावर त्याला विचारून लिहा की इतकं पाणी असतं तेव्हा काय होतं आणि कशानं बरं वाटतं.

उत्तरं त्याच्याकडूनच येतात, फक्त तुम्हाला पातळीप्रमाणे थोडं सावरावं लागतं. घोट्याशी पाणी आहे तोवर शब्द चालतात. 'मला नाही आवडलं' म्हणता येतं, आईला हाक मारता येते. कमरेला आलं की जागा बदलावी लागते, अंग वापरावं लागतं. गॅलरीत जाऊन उभं राहणं, पाणी पिणं, भिंत दोन्ही हातांनी जोर लावून ढकलणं, गरम वरणभातावर मारतो तशी लांब फुंकर मारणं. फुंकर खरंच उपयोगी पडते, कारण श्वास सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाची धडधड कमी होते. 'दीर्घ श्वास घे' म्हटलं की मुलं छाती फुगवून, खांदे वर करून बसतात आणि आणखी ताणली जातात. तेव्हा घेण्याचं बोलूच नका, सोडण्याचं बोला. वरणभात मात्र पुस्तकात आणि जेवताना, एरवी खेळ म्हणून खेळून ठेवायचा. सवय नसलेली युक्ती ऐन वेळी आठवत नाही. छातीपर्यंत आलं की त्याला एकट्याला काही जमत नाही, मोठं माणूस जवळ लागतं. आणि डोक्यावरून गेलं की काही करायचं नाही. थांबायचं, कुणाला लागणार नाही एवढं बघायचं. हे शेवटचं पान मुलापेक्षा आई-बाबांनाच जास्त उपयोगी पडतं.

सहाव्या पानावर ओसरलेलं पाणी. फेकलेल्या गाड्या उचलायच्या, पडलेलं पुसायचं, हे तुम्ही दोघांनी मिळून. ही शिक्षा म्हणून नको, नेहमीचं आवरणं म्हणून.

आणि सातवं पान वरच्या अंगाचं. पूर काही रामकुंडात तयार होत नाही, पाऊस वर पडलेला असतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत वर काय पडतंय ते दोन आठवडे टिपून ठेवा. किती वाजता चिडला, त्याआधी काय खाल्लं होतं, झोप किती झाली, धाकटी कुठे होती, बाबांची कुठली शिफ्ट चालू होती. शाळेतून भुकेला आलेला आणि नेमकी तेव्हाच तुम्ही धाकटीला झोपवायला घेतलेली, असं काहीतरी निघेल, असा माझा अंदाज आहे. तसं निघालं तर दारातच हातात चिक्की किंवा केळं देण्यानं जे होईल ते कुठल्याही पुस्तकानं व्हायचं नाही. आठवं पान कोरं ठेवा. त्याला पुढे काहीतरी सुचतंच.

मग एक दिवस तो स्वतःच कमरेवर हात ठेवून सांगतो, 'इथपर्यंत आलंय.' तेव्हा हातातलं टाकून लक्ष द्या. गॅस बंद करा, फोन ठेवा. मारण्याच्या आधी सांगितलं तर आई येते, हे त्याला पटलं तरच तो परत सांगेल.

घरातल्या मोठ्यांचा राग पुस्तकाबाहेर ठेवता येत नाही. एका पानावर तुमचंही चित्र काढा आणि पाणी भरा. तुमच्या मिस्टरांचंही. नाईट करून आलेल्या माणसाला सकाळी साडेसातला भोकाड ऐकू आलं की पाणी गळ्याशी येणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. 'बाबा ओरडले, ते दमले होते, पण तुला भीती वाटली' असं चित्र दाखवून म्हणता आलं तर बरंच मोकळं होतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मुलाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळची दहा मिनिटं बाबांनी पुस्तक घेऊन बसावं. आवाज काढून, नाट्यमय वाचायची गरज नाही; मांडीवर बसवून बोट ठेवत गेलं तरी पुरे. त्या दहा मिनिटांत धाकटी दुसऱ्या खोलीत.

सासूबाईंना वगळू नका. 'आजोबांवर गेलाय' हे वाक्य मुलाच्या कानावर पडत असेल तर ते थांबवायला हवं, पण भांडून नको. त्यांनाच विचारा, 'आई, मामंजी चिडले की मग शांत कसे व्हायचे?' काहीतरी गोष्ट नक्की निघेल. अंगणात जाऊन बसायचे, झाडांना पाणी घालायचे. ती गोष्ट नातवाला सांगायला लावा. आजोबांसारखा चिडतो हे तर त्यानं ऐकलेलंच आहे. आजोबांसारखा शांतही होतो, हेही ऐकू दे. आणि येणारे-जाणारे पाहुणे 'आता तुझे लाड संपले बरं का, आता छकुलीचे' अशी जी थट्टा करतात, ती मात्र सरळ तोडा. मोठ्यांना गंमत वाटते. मूल ती शब्दशः घेतं आणि संध्याकाळी छकुलीला ढकलतं.

धाकटी मोठी झाली की तिलाही हेच पुस्तक लागेल, हे आत्ताच ध्यानात ठेवा. मुलगा चिडला तर 'मुलगाच आहे, चिडणार', आणि मुलगी चिडली तर 'मुलीच्या जातीला शोभत नाही', हे अजूनही सर्रास ऐकू येतं. मग त्या मुली रागवायच्या ऐवजी कुढतात, आणि आठवी-नववीत पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे येतात.

मोबाईलवर गोष्टीचा व्हिडिओ लावला तर? चालेल, पण ते वाचन धरू नका. तिथे चित्र थांबत नाही.

दाखवायला कधी न्यायचं, हे नीट वाचा. एकेक थयथयाट पंचवीस मिनिटांहून लांबत असेल, दिवसातून पाचाहून जास्त वेळा आणि असे बरेच दिवस होत असतील, तो स्वतःला मारून घेत असेल, डोकं आपटत असेल, चावत असेल, अर्ध्याहून जास्त वेळा माणसांवर धावून जाऊन, वस्तू मोडून मगच संपत असेल, किंवा कुणी सावरल्याशिवाय त्याला शांत होताच येत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. तुमच्याकडे मारणं आणि फेकणं आहे, म्हणून वर सांगितलेलं दोन आठवड्यांचं टिपण याही कामाला येईल; डॉक्टरांना 'खूप चिडतो' याऐवजी ते दाखवा. बोलणं वयाच्या मानानं मागे असेल, एका हाकेत वळून बघत नसेल, रात्री घोरत असेल, तर तेही सांगा. ज्याला नीट ऐकू येत नाही किंवा ज्याची झोप होत नाही, ते मूल चिडणारच, आणि तिथे पुस्तकं वाचत बसण्यात वेळ जातो. तुम्हाला स्वतःला रडू येत असेल, धाकटीच्या बाळंतपणानंतर मन ताळ्यावर आलं नसेल, तर केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर आहे, फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं. आई म्हणून स्वतःसाठी फोन केला तर चालतो.

फाडलेल्या पुस्तकाचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पुढे करून 'बघ तू काय केलंस' म्हणू नका. एखाद्या निवांत दुपारी सेलोटेप घेऊन बसा, तो आला तर पट्ट्या कापायला द्या. नाही आला तर तुम्हीच चिकटवा आणि शेल्फवर इतर पुस्तकांत ठेवून द्या.

शाळेत जरूर सांगा, पण तक्रार म्हणून नको. वर्गशिक्षिकेला पाच मिनिटं भेटा आणि तीन गोष्टी सांगा : घरी धाकटी रांगायला लागलीय, आम्ही 'पाणी कुठपर्यंत आलं?' असं विचारतो. आणि त्याला भिंत ढकलायला दिली की बरं वाटतं. घरच्या पुस्तकाची झेरॉक्स दप्तरात ठेवा. बाईंना हवं तर त्या वर्गात सगळ्यांसाठी असं पुस्तक करतील, मुलांना दुतोंड्या मारुती काढायला आवडतोच. फक्त सुटताना गेटवर, त्याच्यासमोर, 'आज मारलं का हो कुणाला?' असं रोज विचारू नका. आठवड्यातून एकदा फोनवर विचारा, तो झोपल्यावर.